मिठाच्या रस्त्यावरचा पाहुणा

हिमोबाच्या उजव्या पायाला भोके पडली होती. चाळणीसारखी बारीक बारीक भोके, आणि प्रत्येक भोकातून पाण्याचा थेंब हळूहळू खाली ओघळत होता.

"दुखतंय का रे?" शाल्मलीने विचारले.

"दुखणे म्हणजे काय, हे मला नीटसे ठाऊक नाही," हिमोबा म्हणाला. "परंतु माझा पाय कमी होत आहे, असे वाटते."

त्याचा आवाज सरबताच्या पेल्यात बर्फ हलावा तसा किणकिणत असे. आज त्यात जराशी चीर होती.

हिमोबा शनीच्या एका चंद्रावरून आला होता. त्या चंद्राचे नाव एन्सेलाडस. तिथे सगळीकडे बर्फच बर्फ, आणि हिमोबाही अंगभर बर्फाचाच. कपाटाएवढा उंच, चार कपाटांएवढा जड आणि आरपार निळसर. तो विचार करू लागला की त्याच्या पोटात बुडबुडे फिरताना दिसत. त्याचे खरे नाव म्हणजे एक लांबलचक किणकिण होती. ती कुणालाच जमेना, म्हणून शाल्मलीच्या सुमेधाआत्याने त्याला हिमोबा करून टाकले होते.

हिमालयातल्या एका उंच खोऱ्यात वेधशाळेच्या माणसांची वसाहत होती. आत्या तिथली मोठी दुर्बीण सांभाळायची. आत्याचे वडील, म्हणजे शाल्मलीचे नानाआजोबा, तिच्याकडेच राहत. रेडिओलहरींचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला होता. कित्येक वर्षे ते एन्सेलाडसशी रेडिओवरून बोलत होते. प्रश्न विचारावा, जेवावे, वामकुक्षी घ्यावी, तेव्हा कुठे उत्तर यायचे. अशा रीतीने नानांनी हिमोबाला मराठी शिकवली. म्हणून तो बोलायचाही थेट नानांच्या पुस्तकांसारखा.

आणि आज त्याला परत जायचे होते. जायलाच हवे होते. उद्यापासून खोऱ्यात दक्षिणेचे गरम वारे शिरणार होते, आणि ते शिरले की हिमोबाचे काय होईल हे कुणाला सांगायला नको होते. फाटकाबाहेर त्याचे यान उभे होते. पडवीपासून फाटकापर्यंत उतरता, फरसबंद रस्ता. त्याच्या एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला खोल घळ. दुसरी वाट नव्हतीच.

त्या रस्त्यावर हिमोबाने मघाशी पहिले पाऊल टाकले मात्र, आणि चर्र असा आवाज झाला होता.

"रस्ता लख्ख आहे," फावड्या अभिमानाने म्हणाला. फावड्या हे घरचे यंत्र. बर्फ खरवडायचा आणि वर मीठ पसरायचे, एवढेच त्याचे काम. "आत्याबाईंचा हुकूम होता. पाहुणे जायचेत, म्हणून आज मीठ दुप्पट टाकलं."

"मेल्या, मी रस्ता साफ कर म्हटलं होतं," आत्या म्हणाली. "पाहुण्याचं लोणचं घाल म्हटलं नव्हतं!"

पण तिचा चेहरा उतरला होता. नाना तर पडवीच्या खांबाला टेकून नुसते उभे होते.

"माझीच चूक," ते पुटपुटले. "इतकी वर्षं त्याच्याशी बोललो. पाऊस सांगितला, आंबा सांगितला, आणि मिठाबद्दल सांगायचं राहून गेलं."

शाल्मली मात्र हिमोबाच्या पायाकडे बघत होती. तिला काहीतरी जुळत नव्हते.

"आजोबा, हा आला त्या दिवशीही याच्या पायावर मीठ पडलं होतं की!"

ते खरे होते. हिमोबा आला तेव्हा आत्याने फाटकातच त्याची दृष्ट काढली होती. मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन ती त्याच्याभोवती ओवाळू लागली. 'वाटेत किती नजरा लागल्या असतील!' ती म्हणाली. 'वाटेत पोकळी आहे गं, सुमेधा,' नाना म्हणाले. 'मग पोकळीची लागली असेल!' तेवढ्यात मुठीतले थोडे मीठ निसटून हिमोबाच्या याच पायावर पडले. पण तेव्हा काहीच झाले नव्हते. दगडावर पडावेत तसे ते खडे तिथेच बसून राहिले होते.

"तेच मीठ, तोच पाय," शाल्मली म्हणाली. "तेव्हा काही नाही आणि आज भोकं. असं कसं?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला वाटतं, मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण चुकतही असेन हं."

"नाना, चुकलात तर चुकलात. सांगा लवकर," आत्या म्हणाली. तिने हिमोबाला पडवीजवळच्या बिनमिठाच्या बर्फावर परत घेतले होते.

नाना पायरीवर टेकले. खोऱ्यात अजून ऊन उतरले नव्हते. सगळे निळे आणि गप्प होते.

"असं बघ. तुझा शाळेचा वर्ग म्हणजे बर्फ. मुलं आपापल्या बाकावर बसलेली. ही मुलं म्हणजे पाण्याचे रेणू (पदार्थाचे इतके बारीक कण, की ते डोळ्यांना दिसतही नाहीत). आणि बाहेरचं मैदान म्हणजे पाणी. तिथे हीच मुलं मोकळी धावताहेत. बर्फाच्या अंगावर पाण्याचा एक अगदी पातळ पापुद्रा असतो, आपल्याला दिसत नाही एवढा. म्हणजे वर्गाला लागूनच मैदान आहे. आता, काही मुलं सारखी वर्गातून मैदानात जातात आणि काही मैदानातून वर्गात येतात. थंडी वाढली की येणारी जास्त, जाणारी कमी. मग काय होईल?"

"वर्ग भरेल. म्हणजे पाण्याचा बर्फ होईल."

"बरोबर. आणि ऊब वाढली की उलटं. शून्य अंशाला दोन्हीकडची बरोबरी होते. हा झाला पाण्याचा गोठणबिंदू (ज्या तापमानाला द्रव गोठून घट्ट होतो ते तापमान). आता मैदानात दुसऱ्या शाळेची मुलं घुसली. ती तुमच्या वर्गात येत नाहीत, पण दारात गर्दी करतात. ते मीठ."

शाल्मलीने डोळे मिटले. तिला दार दिसले. दाराबाहेर अनोळखी मुलांची झुंबड दिसली. आतली मुले बाहेर पडत होती. पण परत येऊ बघणाऱ्यांना आत शिरायला वाटच नव्हती.

"बाहेर जाणारे जातच राहतात," ती डोळे न उघडता म्हणाली, "आणि परत येणारे अडकतात. वर्ग रिकामा होत जातो! म्हणजे मीठ बर्फाला तापवत नाहीच. ते फक्त परतीची वाट अडवतं."

"मला चाळीस वर्षांत इतकं नेमकं सांगता आलं नाही," नाना म्हणाले, आणि लाजून दुसरीकडे बघू लागले.

"पण पहिल्या दिवशी?" आत्याने विचारले.

शाल्मलीला तो दिवस आठवला. हिमोबाजवळ उभे राहिले की श्वासाचे बारीक स्फटिक होऊन हवेत चमकत. त्याच्या गावी उणे दोनशे अंशांची थंडी असते, असे नाना म्हणाले होते. नंतर बरेच दिवस तो मागच्या अंगणात राहिला, आणि चहा जसा हळूहळू खोलीएवढा गार होतो, तसा तो हळूहळू इथल्या हवेएवढा...

"गरम झाला!" ती ओरडली. "इथले उणे आठ अंश म्हणजे त्याच्यासाठी गरमच! पहिल्या दिवशी तो इतका गार होता, की त्याची मुलं बाकाला चिकटून बसली होती. कुणी बाहेर निघतच नव्हतं. मग दारात कितीही गर्दी असली तरी काय फरक पडणार?"

"अगदी तसंच," नाना म्हणाले. "या मिठाची ताकद साधारण उणे एकवीस अंशांपर्यंत. त्याच्या खाली खारं पाणीसुद्धा गोठतं."

"आपण फार छान सांगता," हिमोबा हळूच म्हणाला. त्याच्या पायातून अजून थेंब गळत होते. "परंतु मी जावे कसे?"

समोरच्या शिखराच्या टोकाला ऊन लागले होते.

"मी सगळं खरवडून काढतो," फावड्या म्हणाला.

"पाणी झालंय त्याचं. फरशीच्या फटीफटीत मुरलंय," आत्या म्हणाली. "खरवडून किती निघणार?"

"मग ती मुलं धुऊन काढू या," शाल्मली म्हणाली. "दुसऱ्या शाळेची. रस्ता उतरताच आहे. वरून पाणी ओतलं तर मीठ वाहून जाईल ना?"

नाना म्हणाले, "जाईल बहुतेक. पण मग ओला रस्ता गोठेल, त्याचा बर्फ..." आणि बोलता बोलताच थांबले.

"होऊ दे की बर्फ!" आत्या उठलीच. "आज तोच तर हवाय!"

या घरात कुणी असले बोलेल, हे फावड्याला ऐकवेना. "रस्त्यावर बर्फ करायचा? मुद्दाम?" तो म्हणाला. "मग मी आजवर केलं ते काय?"

"रुसू नकोस. बादल्या आण."

सौर टाकीतले कोमट पाणी बादल्याबादल्यांनी रस्त्यावर ओतले गेले. खारे पाणी खळखळत फाटकाजवळच्या गटारात गेले. आत्याने दगडावर बोट टेकवून जिभेला लावले, तोंड वाकडे केले, पुन्हा पाणी ओतले. असे करता करता एकदा तिने बोट चाखले आणि मान डोलावली.

मग ती एक बादली घेऊन पडवीत उभी राहिली आणि पदर खोचून हाताने सडा शिंपू लागली. गावाकडे ती रोज सकाळी अंगणात सडा घालायची. इथे तो बंद होता. कारण पहिल्याच हिवाळ्यात तिच्या सड्याचा बर्फ झाला आणि त्यावरून घसरून नानांचा पाय खुब्यात मोडला.

"ओतून का नाही देत?" शाल्मलीने विचारले.

"जाड थर गोठायला फार वेळ लागेल. बारीक थेंब पडताक्षणी गोठतात."

मनगटाच्या एका झटक्यासरशी पाण्याचा पंखा उघडे, हवेत क्षणभर चमके आणि फरशीवर उतरता उतरता काच होऊन जाई. थरावर थर चढत गेले. थोड्या वेळाने पडवीपासून फाटकापर्यंत एक निळी, गुळगुळीत वाट पसरली. जणू आकाशाचा एक पट्टा कुणी खाली अंथरला होता.

हिमोबाने दुखरा पाय पुढे केला आणि अलगद टेकवला.

चर्र झाले नाही.

"छान आहे," तो म्हणाला. "घरच्यासारखे आहे."

"तुम्ही सगळे जा याला पोचवायला," नाना म्हणाले. "मी इथूनच हात हलवतो. मला काही या बर्फावरून..." ते हसले, पण ते हसू खरे नव्हते, हे शाल्मलीला कळले. इतक्या वर्षांचा मित्र, आणि निरोप पडवीतून!

पडवीत आग विझवायच्या वाळूने भरलेल्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. शाल्मलीने एक काढली, आणि मग तिला शंका आली. वाळूनेही पायाला भोके पडली तर? तिने वळचणीची बर्फाची दोन कांडकी मोडून घेतली. एकावर मीठ टाकले, दुसऱ्यावर वाळू, आणि वाट बघत बसली. मिठाच्या कांडक्याला खळगे पडले. वाळूचे जसेच्या तसे राहिले.

"वाळू विरघळत नाही," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे दारात गर्दी करतच नाही. ती नुसती वर खरखरीत बसते."

"आणि पाय घसरू देत नाही," नानांनी पुरे केले.

कड्याच्या बाजूने तिने वाळूचा एक पट्टा ओढला. मग ते दोघे मित्र निघाले. हिमोबा निळ्या बर्फावरून, नाना त्याच्या शेजारी वाळूवरून. शाल्मली नानांचा हात धरून चालली होती. खाली घळीत धुके होते आणि ते दोघे ढगांतूनच चालले आहेत असे वाटत होते.

फाटकाशी हिमोबा थांबला. "आमच्या बर्फाखाली एक समुद्र आहे," तो म्हणाला. "तो खारट आहे. तो का गोठत नाही, हे आज थोडेसे उमगले."

"एकट्या मिठाचं नाही हं ते काम," नाना म्हणाले. "शनी तुमच्या चंद्राला सारखा ओढत असतो, त्यामुळे चंद्र आतून कणकेसारखा मळला जातो, त्याची ऊब आहे. पण मीठही हातभार लावतं."

"म्हणजे ज्याने माझा पाय नेला, त्याचा माझ्या समुद्राला आधार आहे." त्याच्या पोटात बुडबुडे बराच वेळ फिरत राहिले.

"मी मोठी झाले की तिकडे येईन," शाल्मली म्हणाली. "पण तिथे सगळा बर्फच. मी घसरेन."

"समुद्राच्या तळाशी वाळू आहे," हिमोबा म्हणाला. "गेल्याबरोबर मी ती वर आणून वाट अंथरावयास लागतो."

"वेळ लागेल रे फार," नाना म्हणाले.

"हिलाही मोठे होण्यास लागेलच ना?" मग तो शाल्मलीकडे वाकला. "आपले पाऊल केवढे आहे?"

शाल्मलीने फाटकाबाहेरच्या भुसभुशीत बर्फात पाऊल दाबून दाखवले. हिमोबा त्या ठशाकडे बघत राहिला, जणू तो त्याला सोबत न्यायचा होता.

"पण तोपर्यंत ते मोठं झालेलं असेल," ती म्हणाली.

"होय," हिमोबा म्हणाला. "मग वाट थोडी रुंदच करतो."