नवसाचा शिरा

"बाई... जरा कंबर मोजून देता?"

शीलाच्या हातातली कात्री टेबलावर आदळली. जुन्नरच्या पेठेत दुकान घातल्यापासून ब्लाउज, परकर, झबली सगळं शिवलं. पण दारात उभा राहून कंबर मोजून मागणारा गडी हा पहिलाच!

"जेन्ट्स टेलर शेजारी आहेत."

"कुलूप हाय. मी सोपान, कुशाबाईचा. फौजेत असतो. रजा संपली की वजन-कंबर मोजत्यात. अडत्याच्या काट्यावर वजन बघितलं, लई भरलं. कंबर बसली न्हाई तर यंदाची बढती, नाईकाची फीत गेली!"

तिनं टेप त्याच्याच हातात दिली. "तुम्ही गुंडाळा, मी वाचते... आणि पोट आत ओढू नका."

"वळखलंत व्हय?" तो हसला, अन् पोट सुटलं.

"छत्तीस."

"चौतीस पायजे."

तो रोज पहाटे लेण्याद्रीच्या पायऱ्या पळत चढायचा आणि उतरून थेट दुकानात यायचा. भिजलेला शर्ट, कपाळाला गणपतीचा शेंदूर, अन् डोळ्यांत ते मिश्कील हसू... शीला मान खाली घालून मशीन चालवायची. टाके मात्र वाकडे पडायचे.

देवापुढं दिवा लावल्याशिवाय ती पाणी पीत नसे. कुणाला न सांगता ती नवस बोलली – सोपानची कंबर उतरू दे, रोज साजूक तुपातला शिरा दाखवीन. तिच्या घरची रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस, त्यानंच प्रसाद संपवायचा.

"प्रसाद आहे. टाकायचा नसतो."

सोपान डोळे मिटून वाटी चाटूनपुसून खायचा.

रजा संपत आली. शीलानं टेप वाचली. पुन्हा वाचली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सदतीस...? देवानं माझं ऐकलंच नाही!"

"काय मागितलं व्हतं?"

तिनं अडखळत सगळं सांगितलं.

"म्हंजे तो शिरा... माझी कंबर उतरावी म्हणून?"

"मग नको का नाही म्हणालात?"

"तुमच्या हातचा व्हता... जीभच वळंना."

हसावं असं होतं, पण शीलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सोमवारी तो गेला. पंधरवड्यानं शेजारच्या एसटीडी बूथवर तिच्या नावानं फोन आला.

"फीत न्हाई मिळाली... रडू नका. दोष माझ्या जिभेचा."

त्यानंतर वर्षभर काही कळलं नाही. शीलानं रोजचा नैवेद्य बदलला – नुसत्या दूर्वा आणि जास्वंद.

अन् एका दुपारी दारात सावली पडली. गालफडं बसलेली, शर्ट अंगावर लोंबतोय... तिला क्षणभर ओळखच पटेना.

"ही बाहीवर शिवून देता?" त्यानं नाईकाची फीत टेबलावर ठेवली. "कंबर तेहतीस भरली."

"अगंबाई! पण इतके वाळलात...?"

"त्या दिसापासून गोड बंद हाय. म्हटलं, उपास सोडीन तर तुमच्याच हातनं." त्यानं मान खाली घातली. "आईला... बोलणी करायला पाठवू?"

सुई तिच्या बोटात रुतली. कानाच्या पाळ्या तापल्या. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तुपात भाजलेल्या रव्याचा वास होता, आणि तिच्या हातात वाटी नव्हती. शिऱ्याचा एकच चमचा होता.

"एवढाच," ती हळूच म्हणाली. "बाकीचा... लग्नानंतर. तोही मापून."