पाटीवरचा चहाचा डाग

"आज तिसरा दिवस, ताई. दुपारनंतर शोध थांबवा, असा वरून आदेश आलाय," इन्स्पेक्टर म्हणाले.

ताईने मान वर केली नाही. पडद्यावर दोनशे एकर झाडी पसरली होती, ड्रोनने वरून टिपलेली. प्रयोगशाळेत ताई आकाशातून झाडांची तब्येत बघायची, धाकटा भाऊ जमिनीवरून, एकेक पान हातात घेऊन. याच झाडीत तो गेला आणि परतलाच नाही. 'गेला असेल पळून,' असंही कोणीतरी म्हणालं. म्हणणाऱ्याचं काय जातं!

टेबलावर त्याची वही होती. उत्तरेची झाडं रोगट, असं त्यात लिहिलेलं. पडद्यावर तीच झाडं ठणठणीत. घाईत चुकला असेल, असं ताईला वाटलं.

"सगळं टवटवीत आहे गं," पायलट म्हणाला. ड्रोन तोच उडवायचा. भावाचा जिगरी दोस्त. "डोळ्यांत तेल घालून बघितलं मी."

ताईला रडू आवरेना. भावाशी शेवटचं बोलली ते काय, तर शिव्या! निघताना त्याने पांढऱ्या पाटीवर चहा सांडला होता. प्रत्येक उड्डाणाआधी त्या पाटीचा फोटो घ्यायचा. त्यावरून त्या वेळचा प्रकाश कळतो, मग पानांनी किती परत फेकला ते मोजता येतं. पाटी पुसायची नाही, पुसली की मोजमाप बिघडतं. "धांदरट कुठला!" ती ओरडली होती.

सवयीने तिने आजच्या पाटीचा फोटो उघडला, आणि तो मोठा करून कोपरान् कोपरा बघितला.

"पाटी तीच ना?"

"तीच. आपल्याकडे एकच तर आहे."

"पुसलीस?"

"वेडी आहेस का? पुसतं का कोणी?"

"आणि उड्डाण?"

"आज सकाळी नऊचं. रखवालदाराला विचार, त्याने बघितलंय."

ताई उठली. "इन्स्पेक्टर, याला इथेच बसवा. ड्रोन मी उडवते."

तासाभरात नवं चित्र आलं. उत्तरेची झाडं वहीत लिहिल्यासारखीच रोगट, फिकी, आणि त्यांत खाटेएवढा काळा ठिपका.

"ही जागा आम्ही पालथी घातली," इन्स्पेक्टर म्हणाले. "हिरव्या फांद्या आहेत नुसत्या."

"हिरव्या आहेत, जिवंत नाहीत. जिवंत पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्यांना न दिसणारा परत फेकतं. तोडलेलं पान हिरवं राहतं, पण त्याचं खाणं बंद पडतं. त्या फांद्यांखाली जुना पाण्याचा हौद आहे. माणसं पाठवा, पळत!"

मग ती पायलटकडे वळली.

"पाटीवर चहा सांडलाय तीन दिवसांपूर्वी. तुझ्या 'आजच्या' फोटोत डागच नाही. आजची चित्रं लपवलीस, जुनी दिलीस. कित्येक महिने जुनीच देतोयस, ड्रोन न उडवता. म्हणून पडद्यावर झाडं ठणठणीत आणि त्याच्या हातात रोगट पानं. चूक त्याची नव्हती. दोस्त म्हणून त्याने आधी तुलाच विचारलं असणार."

"ढकलायचं नव्हतं मला," पायलट रडत म्हणाला. "झटापटीत पडला तो."

"आणि फांद्या? त्याही झटापटीत पडल्या?"



ताई पोचली तेव्हा भावाला वर काढत होते. हौदाच्या तळाशी वीतभर गढूळ पाणी होतं, त्यावरच तो तगला होता. ओठ फुटलेले, आवाज पहिल्याच रात्री ओरडून बसलेला. तिला बघून तो पुटपुटला, "ताई... पाटी खराब केली ना मी?"

तिने त्याचं चिखलाने माखलेलं डोकं छातीशी धरलं.

"बरं केलंस रे," ती हुंदके देत म्हणाली. "फार बरं केलंस."