सैल घडीचं हत्यार

लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री खिशातलं हत्यार निवडतो तेव्हा आधी डावा हात पाठीमागे घेतो. लिफ्टच्या टपावर उभं राहिलं की डाव्या हाताने गज धरायचा आणि बाकीचं सगळं उजव्याने करायचं. म्हणून पक्कड, पातं, कानस, कात्री, स्क्रूड्रायव्हर असं सगळं एकात असलेलं घडीचं हत्यार एका अंगठ्याने उघडलं, तरच ते कामाचं. लंबू मिस्त्री तीस वर्षं अशीच पारख करत आला होता.

पण आता त्याच्या अंगठ्याचं पेर आखडलं होतं. मागच्या आठवड्यात त्याच्या हातून स्क्रूड्रायव्हर निसटला, सहा मजले खाली गेला आणि एका बाईच्या पायाशी आदळला. कंपनीच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, की पंधरा दिवसांनी मी स्वतः टपावर येऊन तुमचा हात बघतो. चालला तर चालला, नाहीतर घरी बसा. घरी बसणं म्हणजे लंबूला खुंटीला टांगून घेण्यासारखंच होतं.

सैल घडीचं हत्यार शोधायला तो दुकानात गेला. ट्रेमध्ये सहा-सात हत्यारं होती. एकेक उचलून तो अंगठा लावायचा आणि कळ आली की खाली ठेवायचा. तळाशी एक सापडलं. अंगठा नुसता टेकला आणि पातं उलगडलं. दुकान गार होतं, ते मात्र कोमट होतं, कुणाच्या तरी खिशातून आत्ताच काढल्यासारखं. नव्या हत्याराची घडी ताठ असते हे शिकाऊ मिस्त्रीलाही ठाऊक असतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

"हे यात कुणी टाकलं?" दुकानदार म्हणाला. त्याने ते हाताने उचललं नाही. कागदाने धरून गुंडाळलं.

पहिल्या दिवशी काम झकास झालं. संध्याकाळी खिसा ओला लागला. शर्टावर पिवळट डाग होता, आणि वास असा, की महिन्याभराने हाताचं प्लास्टर कापल्यावर आतून येतो तसा. लंबूने हत्यार रॉकेलमध्ये बुडवलं, जुन्या ब्रशने घासलं, कोरडं करून खिडकीत ठेवलं. सकाळी घड्यांमध्ये परत तोच चिकट ओलावा होता.

तिसऱ्या दिवशी पकडीच्या जबड्यात पांढरी, पातळ कातडी सापडली. पाचव्या दिवशी कानशीच्या फटीत नखाचे तुकडे. त्याने स्वतःची नखं पाहिली. ती वाढलेलीच होती.

बायकोने जेवणाच्या टेबलावर ते ठेवायला बंदी केली. "सवत आणली असतीत तरी चाललं असतं," ती म्हणाली. "ती निदान आंघोळ करून आली असती."

तो हसला आणि ताट सारून उठला. मग त्याने एका फुटक्या पातेल्यात हत्यार उकळलं. वर दाट साय धरली. ढवळायला घेतलेल्या काडीला ती लोंबली, आणि बायको तोंडावर हात धरून मोरीकडे धावली. पातेलं टाकून द्यावं लागलं. हत्यार मात्र टाकवेना, कारण अंगठा आता दुखत नव्हता आणि साहेब तीन दिवसांनी यायचे होते.

कानस आणि कात्री यांच्यामध्ये एक जास्तीची फट होती. तिच्यातून काहीच उघडत नसे. घाण काढायला लंबूने सुई घातली. सुई मऊ कशात तरी रुतली, आणि ते मऊ काहीतरी हळूच आत सरकलं.

त्या दिवसापासून तो हत्यार फडक्यात धरून खिशात टाकू लागला.

साहेब आले. दोघं टपावर चढले. डावा हात गजावर, उजवा खिशात. लंबूचा अंगठा पोचायच्या आधीच स्क्रूड्रायव्हर उघडला होता.

चार स्क्रू निघाले, चार बसले. काही पडलं नाही.

साहेब खूश झाले. बघू म्हणून त्यांनी हत्यार हातात घेतलं, दोन्ही अंगठे लावून जोर केला, पण एकही पातं हललं नाही.

"हे तर जाम झालंय, मिस्त्री. तुम्ही उघडता कसं?"

लंबूने ते परत घेतलं. सगळी पाती एकदम सैल झाली. साहेबांनी बोटं हुंगली आणि पँटला पुसली, परत परत पुसली. उद्यापासून नेहमीसारखं या, एवढं म्हणून ते उतरले.

नोकरी वाचली होती. घरी जाताना लंबूने हत्यार गटाराच्या जाळीतून खाली सोडलं. खाली पाण्याचा आवाज झाला. नवीन घेऊ, ताठ असलं तरी चालेल, असं त्याने ठरवलं.

घरी त्याने साबणाने तीनदा हात धुतला. वास गेला नाही.

बायकोने रोजच्यासारखं तेल गरम केलं आणि त्याचा अंगठा हातात घेतला.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

तिने पेर दाबलं. एरवी ते कटकट वाजायचं. आज काही वाजलं नाही, आणि तेल लावायच्या आधीच ते ओलं होतं.

तिने अंगठा हळूच तळव्याकडे वाकवला. तो वाकत गेला, जिथे थांबायला हवा तिथे न थांबता, आणि तळव्यात सपाट बसला.

आत कुठेतरी टक्‌ असा बारीक आवाज झाला.