साचा सरकतो

आमची पहिली भेट भंगाराच्या दुकानात झाली आणि पहिल्याच भेटीत आम्ही हाडांवरून भांडलो.

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतले कोंडाजी भंगारवाले माझ्यासाठी जुन्या एक्स-रे फिल्म बाजूला ठेवतात. मी हातानं शुभेच्छापत्रं बनवते. दिवाळी, नाताळ, नवं वर्ष, संक्रांत. प्रत्येक कार्ड नव्यानं आखत बसले तर जन्म पुरायचा नाही, म्हणून माझे दोन-तीन साचे ठरलेले आहेत. वर चौकट आणि खाली पट्टी, हा सगळ्यात लाडका. एक्स-रेची फिल्म कापून साचा केला की तो भिजत नाही, फाटत नाही, वर्षानुवर्षं चालतो. कागदावर ठेवायचा, स्पंजनं रंग टिपायचा, उचलायचा. चौकटीत दिवाळीला पणती, संक्रांतीला पतंग. खालच्या पट्टीत पाठवणाऱ्याचं नाव.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी मी गठ्ठ्याला हात घातला, तर त्याचं दुसरं टोक आधीच कुणीतरी धरलेलं. रंगाचे डाग पडलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि डोळे असे की... जाऊ दे.

"हा गठ्ठा माझा आहे," मी म्हणाले.

"हा तर बऱ्याच जणांचा दिसतोय." त्यानं एक फिल्म उजेडात धरली. "हे खोकणारे काका. ह्या गुडघेवाल्या आजी."

मला हसायचं नव्हतं. पण हसले.

"असं उजेडात धरून बघू नका," मी लगेच सावरून म्हणाले. "मी कधी बघत नाही. नाव तर मुळीच वाचत नाही. कुणाचं तरी दुखणं असतं ते. त्यावर आपण फुलं कापणार, निदान एवढी तरी लाज ठेवावी."

त्यानं फिल्म खाली ठेवली. "बरं. मग वाटून घेऊ. छातीचे मोठे असतात, ते मला पाट्यांना लागतात. हातपाय तुम्ही घ्या."

त्याचं नाव अश्विन. राहायचा एकलहऱ्याला. वडील, मल्हारीकाका, तिथल्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. हा मात्र पेंटर. लासलगावला कांदा घेऊन येणाऱ्या ट्रॉल्यांवर निम्मी नावं आपल्या हातची आहेत, असं छाती फुगवून सांगायचा. माझ्या पिशवीतलं एक कार्ड त्यानं न विचारता उचललं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्या 'छ'चं पोट कुठं गेलं?"

"साचा कापताना गळून पडलं."

"पडणारच. अक्षराला आतून टेकू ठेवावा लागतो. बारीकसा. मी दाखवीन... तुमची हरकत नसेल तर."

हरकत कसली असणार? आठवड्यातून दोनदा तो आमच्या गॅलरीत येऊन बसायला लागला. तो अक्षरं काढायचा, मी कापायचे. आई चहा ठेवता ठेवता मुद्दाम भांडी वाजवायची. त्याच्या उजव्या मनगटाला पट्टी असायची. विचारलं, तर म्हणाला, शिडीवरून पडलो. अधूनमधून तो पेन्सिल डाव्या हातात घ्यायचा आणि कागदावर मुंग्या चालल्यासारखी अक्षरं उमटायची.

"डाव्या हातानं लिहून कुणावर छाप पाडताय?"

"तुमच्यावर. पडतेय का?"

"माझ्या टेबलावर पडतेय. रंगाची. पुसा आधी."

पंधरा दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोण आधी घसरलं ते आठवत नाही. बहुधा मीच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो आला, पिशवी टेबलावर टाकली आणि आईनं सांगितलेलं दूध आणायला खाली गेला. पिशवीतून एक फिल्म डोकावत होती. नेहमी आणायचा, तशीच असेल असं मी धरून चालले. साचा वर ठेवला, ब्लेड फिरवलं. आधी चौकट, मग पट्टी. हाताला सवय झालेली. पट्टीचा तुकडा सुटून माझ्या मांडीवर पडला, अक्षरांची बाजू वर.

मी कधी नाव वाचत नाही. त्या दिवशी वाचलं. अश्विन. वय तीस. उजवं मनगट. तारीख मागच्या आठवड्यातली.

चौकट कापली होती तिथे मनगटाच्या जागी भोक होतं. वर पाच बोटांची हाडं तेवढी शिल्लक.

तो दुधाची पिशवी घेऊन दारात आला आणि माझ्या हातातली फिल्म बघून तिथेच थांबला.

"दुसरी फिल्म निघेल," तो हळूच म्हणाला. "तू घाबरू नकोस."

"हे काय आहे?"

"हाडात गाठ आहे. वाईट जातीची. कोपरापासून हात काढायचा म्हणतात. बावीस तारखेला, मुंबईला."

"आणि मला शिडी सांगितलीस?"

"खरं सांगितलं असतं तर तू गोड बोलायला लागली असतीस." तो हसायचा प्रयत्न करत होता. "भांडतेस ते बरं वाटतं."

मी भांडलेच. खोटारडा म्हणाले, ढोंगी म्हणाले, आणि शेवटी रडायला लागले. मी त्याच्या प्रेमात पडले होते आणि ते मला नेमकं त्या दिवशी कळलं. याहून वाईट मुहूर्त कुणी शोधून दाखवावा.

रडून झाल्यावर मला एक युक्ती सुचली. त्यानं उजव्या हातानं सगळी अक्षरं लिहून ठेवायची. मी त्यांचे साचे कापायचे.

तो चिडला. "जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नकोस, तृप्ती."

निघून गेला. तिसऱ्या दिवशी परत आला, मुकाट्यानं बसला आणि लिहायला लागला. तीन दुपारी तो लिहीत होता. मनगट ठणकलं की थांबायचा, दात आवळायचा, पुन्हा लिहायचा. मी शेजारी बसून कापत होते. एकाही अक्षराचं पोट गळू दिलं नाही.

वीस तारखेला सगळे साचे बांधून मी त्याच्या हातात दिले. "हात गेला तरी अक्षर जाणार नाही," मी म्हणाले. आयुष्यात एवढं शहाणपणाचं बोलले नाही, असं मला तेव्हा वाटलं. गठ्ठ्यात ती चौकट कापलेली फिल्मही त्यानं मागून घेतली. मग उजव्या हातानं माझा हात धरला. तो हात गरम होता. ते मी विसरणार नाही.

बावीस तारखेनंतर अश्विनचा फोन मल्हारीकाकांनीच उचलला. "झालं ऑपरेशन. शुद्धीत हे तो. बोलत नाय फक्त." माझ्या मेसेजांना उत्तर नाही. नाताळ गेला, नवं वर्ष उजाडलं. दुसऱ्यांच्या आनंदाची कार्डं बनवत मी दिवस ढकलले.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी त्याचा मेसेज आला. एक फोटो. 'तिळगूळ घ्या' असं काहीतरी, सगळं फरकटलेलं. खाली दोनच शब्द – साचा सरकतो.

मी कपाळावर हात मारून घेतला. साच्याला दोन हात लागतात. एकानं घट्ट धरायचा, दुसऱ्यानं रंग टिपायचा. एवढे साचे मी जीव ओतून कापले, आणि एका हाताच्या माणसाला ते वापरताच येणार नाहीत, हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

तशीच रिक्षा केली. दार काकांनी उघडलं. "ये बाई. परवापासून कागद नासतोय. जेवण नाय, काय नाय."

अश्विन जमिनीवर बसला होता. वाळला होता. शर्टाची उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली. भोवती बिघडलेली कार्डं.

"चिकटपट्टी लावायची," मी दारातूनच म्हणाले. रडू येऊ नये म्हणून.

"लावली. कागद सोलून निघाला."

"मग वजन ठेवायचं. वाटी, तांब्या..."

"ठेवलं असतं." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मग तुला काय म्हणून बोलावलं असतं?"

"ये म्हणायचं सरळ!"

"कुठल्या तोंडानं?" त्याचा आवाज चिरकला. "ऐक. गाठ परत येऊ शकते. डॉक्टरांनी लपवलं नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. या वेळी मी आधी सांगतोय. तू नीट विचार कर."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हणाले. "विचार करून झालेलं नाही. विचार करून जाणारही नाही."

तो मान खाली घालून रडत राहिला. काका आत निघून गेले.

मी त्याच्या उजव्या बाजूला बसले. समोर तीच फिल्म पडली होती, त्याच्या मनगटाची. कोरं कार्ड घेतलं, फिल्म वर ठेवली आणि जिथे त्याच्या बोटांची हाडं होती तिथे माझा तळवा दाबून धरला.

"मी धरते. तू रंग लाव."

त्यानं डाव्या हातानं रंग टिपला. थोडा माझ्या बोटांना लागला, त्यावरून मी ओरडले, तो सॉरी म्हणाला नाही. आधी चौकट, पट्टी, मग तिळगुळाची अक्षरं. सगळं मी धरलं. साचा उचलला तेव्हा त्याचं जुनं, देखणं अक्षर जागच्या जागी होतं.

पट्टी वाळेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यानं ब्रश घेतला. पट्टीत पाठवणाऱ्याचं नाव असतं. त्यानं डाव्या हातानं, मुंग्या चालल्यासारखं, आपलं नाव लिहिलं. जागा उरली होती. तिथे त्यानं माझं लिहिलं.