पहिल्या शनिवारचा व्हॉल्व्ह

पाऊस असा कोसळत होता की चिकापुंडुंगच्या विजेच्या जुन्या सामानाच्या बाजारातले दुकानदार एकमेकांशी खाणाखुणांनी बोलत होते. अशा पावसात तो जिना चढून वर आला. अंगातलं जाकीट काढून त्याने छातीशी धरलेल्या जुन्या अँप्लिफायरवर पांघरलं होतं आणि स्वतः मात्र नखशिखांत भिजला होता.

"जाकीट अंगात घालायचं असतं," नेंदेन कामावरची नजर न काढता म्हणाली.

"मी वाळेन हो. हा नाही वाळायचा." त्याने अँप जपून टेबलावर ठेवला आणि इकडे तिकडे पाहिलं. "समोरचं दुकान बंद दिसलं म्हणून इकडे आलो. कारागीर कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर बसलेत."

बिचाऱ्याचे कान लाल झाले. "म्हणजे... माफ करा हं, तेह." तेह म्हणजे तिकडची ताई.

"करते. सवय आहे मला. काय होतंय याला?"

त्याचं नाव गिनांजर. लग्नसमारंभांत गिटार वाजवायचा. अँप त्याच्या मामाचा होता, आणि मामा गेल्यावर तो वारशाने याच्याकडे आला होता. "बिघडलेलं काही नाही," तो म्हणाला, "पण आवाज... कसं सांगू? फार ताठ येतो. तार छेडली की अंगावर आल्यासारखा. अहो, आम्ही लग्नात वाजवायला जातो, भांडायला नाही!"

नेंदेनला हसू आलं. ते लपवायला तिने अँपची मागची फळी उघडली. आत दिव्यांसारखे दिसणारे काचेचे पाच व्हॉल्व्ह एका ओळीत उभे होते. दुकानातली गिटार जोडून त्याच्याकडून थोडं वाजवून घेतल्यावर तिने बटण बंद केलं आणि कडेच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. "हा रेक्टिफायर. भिंतीतली वीज सरळ करून बाकीच्यांना पुरवतो. सूर याच्यातून जातच नाही, पण सुराचा स्वभाव हाच ठरवतो. तुमचा कडक जातीचा आहे. मागाल तेवढी वीज लगेच देतो. मऊ जातीचा लावला ना, की जोरात छेडल्यावर तो क्षणभर दमतो, सूर जरा खाली बसतो आणि मग फुलून वर येतो."

"म्हणजे माणसासारखा."

"व्हॉल्व्हसारखा," ती म्हणाली. "माणसांतलं मला काही कळत नाही. आता बसा पंधरा मिनिटं. गार झाल्याशिवाय हात लावता येत नाही."

ती पंधरा मिनिटं दोघं बोलत राहिले. कशाबद्दल, ते विचाराल तर दोघांनाही सांगता आलं नसतं. मामाच्या विसरभोळेपणाबद्दल असेल, नाहीतर लग्नात एकच गाणं सात वेळा मागणाऱ्या नवरदेवाबद्दल. तिने खणातला मऊ व्हॉल्व्ह फडक्याने पुसून बसवला आणि त्याला वाजवायला सांगितलं. मग नेहमीच्या सवयीने पाठ फिरवून, अँपच्या लाकडावर तळवा टेकवून ती ऐकू लागली.

पहिला सूर आला... थोडा वाकला, आणि सावकाश उमलला. सूर विरला तरी नेंदेनने तळवा उचलला नाही.

"झालं," ती कोरडेपणाने म्हणाली. "घेऊन जा."

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर! बगलेत अँप, हातात कागदात गुंडाळलेली गरम बाला-बाला भजी. "हॉलमध्ये जरा जास्तच मऊ वाटतो," तो म्हणाला. तिने मधल्या जातीचा व्हॉल्व्ह बसवला. मऊ व्हॉल्व्ह त्याने 'असू दे जवळ' म्हणून खिशात टाकला. गार होईपर्यंत दोघांनी भजी संपवली.

त्याच्या पुढच्या शनिवारी तो म्हणाला, "आता पुन्हा जरासा ताठ... म्हणजे अगदी ताठ नाही, पण..."

"पण काय? मान दुखते का त्याची?"

"त्याची नाही. तुमच्याकडे वळून वळून माझी दुखते."

नेंदेनने स्क्रू-ड्रायव्हर उगारला. शेजारी जुन्या तबकड्या विकणारे मांग उजू, म्हणजे उजूकाका, आपल्या गल्ल्यावरून ओरडले, "पोरा, आजारी नेमकं कोण आहे? अँप की तू?" सगळा मजला खिदळला. नेंदेनही हसली असती, पण तिचं लक्ष दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या अबाहकडे गेलं. तिचे वडील हसत नव्हते.

"नीट तपासते. सोमवारी घेऊन जा," तिने गिनांजरला सांगितलं.

तो गेल्यावर अबाह बोलले. कान गेल्यापासून ते एकतर अजिबात बोलत नसत किंवा फार मोठ्याने बोलत. "दोनदा परत आलं हे काम. चाळीस वर्षांत माझ्या हातचं काम तीनदा परत आलेलं नाही. ईद झाली की मी गारुतला गावी जाणार. दुकान तुला द्यायचं ठरवलंय. पण तिसऱ्यांदा परत आलं, तर बाजार काय म्हणेल? पोरीचा हात बसलेला नाही. मग मला दिकदिकला बोलवावं लागेल."

दिकदिक म्हणजे तिचा चुलतभाऊ. जकार्तात मोबाइल दुरुस्त करायचा. व्हॉल्व्ह आणि दिवा यांतला फरक त्याला सांगूनही कळला नसता. तो या टेबलाशी बसणार, या विचारानेच नेंदेनच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण तिला खरं खात होतं ते वेगळंच. तिचे कान! अबाहनंतर बाजारात कुणाच्या कानांवर विसंबता येत असेल तर ते तिच्या, असं तिला वाटायचं. दोन्ही वेळा तिने पाठ फिरवून ऐकलं होतं, दोन्ही वेळा आवाज गोड लागला होता. मग तो हॉलमध्ये का बिघडावा? की गोड लागत होतं ते... वाजवणाऱ्यामुळे? तसं असेल तर या टेबलाशी बसायचा तिला हक्कच नव्हता. या विचाराने तिला धड जेवणही गेलं नाही.

सोमवारी सकाळी अँप परत देण्याआधी तिने एक केलं. व्हॉल्व्ह जिथे खोबणीत बसतो, तिथे सांध्यावर लाल नेलपॉलिशचा एक थेंब लावला. व्हॉल्व्ह कुणी उपसला की तो तडकणारच. कारागिरांची ही जुनी युक्ती आहे, पण गिटार वाजवणाऱ्यांना ती ठाऊक नसते.

चौथ्या शनिवारी तो आला. "आता हॉलमध्ये कसा जरा—"

नेंदेनने लगेच फळी उघडली. लाल थेंबाचे दोन तुकडे झाले होते.

"व्हॉल्व्ह कुणी काढला होता?"

"कोण... मी? छे!"

"खोटं बोलू नका!" तिचा आवाज चिरका झाला. अबाह स्टुलावरून उठले आणि 'दिकदिकलाच बोलवतो' म्हणत खिशातून फोन काढून नंबर शोधू लागले.

"कोण दिकदिक?" गिनांजर गोंधळून विचारत होता. "झालंय काय?"

"झालंय काय म्हणून विचारतोस, दीडशहाण्या?" मांग उजू कडाडले. "काम तीनदा परत आलं म्हणून पोरीच्या हातचं दुकान चाललंय! तुझ्यापायी!"

गिनांजरचा चेहरा पांढराफटक पडला. तो अबाहच्या समोर जाऊन उभा राहिला. "अबाह, तिच्या कामात काही दोष नाही."

"काय?" अबाहनी कानाला हात लावला.

"दोष नाही म्हणतोय! पहिल्याच शनिवारी आवाज बरोबर झाला होता!" तो आता ओरडत होता. "घरी गेलो की मी तोच व्हॉल्व्ह लावायचो! सगळी लग्नं त्याच्यावर वाजवली! इकडे येताना दुसरा बसवून आणायचो!"

"मग यायचास कशाला?"

गिनांजरने एकदा नेंदेनकडे पाहिलं. मांग उजूंनी तबकडीवरची सुई उचलली, त्यामुळे मजल्यावर चिडीचूप झालं.

"व्हॉल्व्ह गार व्हायला पंधरा मिनिटं लागतात ना," तो होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, "त्या पंधरा मिनिटांसाठी! मला ही आवडते, अबाह!"

अबाहनी त्याच्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. फोन खिशात गेला आणि त्याच खिशातून किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला. तो त्यांनी नेंदेनच्या टेबलावर ठेवला. "दिकदिकला मोबाइलच बघू दे," ते म्हणाले. "आणि तू रे! सरळ चहा प्यायला यायचं. पोरीच्या जिवाला घोर लावलास." एवढं बोलून ते चहा प्यायला खाली निघून गेले. घाई असल्यासारखे गेले, कारण त्यांचेही डोळे भरून आले होते.

नेंदेनने किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. तिला रडायचंही होतं आणि त्याला बदडायचंही होतं.

"किती छळलंस माहितीये?" ती म्हणाली. बोलण्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "मला वाटलं, माझे कान गेले. मला वाटलं, तू वाजवतोयस म्हणून मला गोड लागतंय..." आणि आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन ती एकदम थांबली.

गिनांजरचे कान पुन्हा लाल झाले. "मग..." त्याने हळूच विचारलं, "कशामुळे लागत होतं? व्हॉल्व्हमुळे की..."

"कान शाबूत आहेत माझे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दोन्ही ऐकू येत होतं."

तिने हात पुढे केला. त्याने खिशातून मऊ व्हॉल्व्ह काढून तिच्या तळहातावर ठेवला, आणि आपला हात तिथेच राहू दिला. मांग उजू मोठ्याने खाकरले, तेव्हा कुठे दोघं भानावर आली. तिने व्हॉल्व्ह बसवला, फळी लावली, चारही स्क्रू पिळून घट्ट केले आणि अँप त्याच्या हातात दिला.

"हे काम संपलं. पुन्हा हा दुकानात दिसला तर जिन्यावरून खाली ढकलीन. दोघांनाही."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... शनिवारी येऊ नको?"

नेंदेनने टेबलावर पडलेलं त्याचं जाकीट झटकून त्याच्या खांद्यावर टाकलं, आणि आता मात्र हसू लपवायला तिला काही हाताशी सापडलं नाही.

"ये ना. पण हात हलवत ये."