चार वाजून दहा मिनिटांचा चोर

"गेलं! परत गेलं!" पीयूषने हातातला कंट्रोलर गादीवर आपटला.

स्टॅबिलायझर टक् करून बंद पडला, टीव्ही काळा झाला आणि 'गडझुंज' या गेममधला शेवटचा, बारावा गड डोळ्यांदेखत नाहीसा झाला. पूर्ण गड सर झाल्याशिवाय हा गेम काही लक्षातच ठेवत नसे. म्हणजे पुन्हा पायथ्यापासून सुरुवात. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कालही चार दहा, परवाही चार दहा. मे महिन्याच्या सुट्टीत माणसाने एक गेमसुद्धा पूर्ण करू नये की काय?

"लाईट गेली नाही. पंखा बघ," हर्षाली म्हणाली. ती त्याच्याच वर्गातली, वारूळवाडीतच ओढ्यापलीकडे राहणारी. पंखा खरंच फिरत होता, पण अगदी रडतरखडत.

तिच्या हातात मामाने दिलेला, कोपरा फुटलेला छोटा गेम होता. त्यातही 'गडझुंज'च होता, फक्त चित्र तळहाताएवढं आणि शत्रू जास्त आले की अडखळणारं. पीयूष त्याला 'डबी' म्हणायचा.

"माझा चालू आहे," ती म्हणाली.

"डबीवर खेळण्यापेक्षा न खेळलेलं बरं. घोडा कुठला न् शेळी कुठली, कळत नाही."

"पण चालते ना? तुझी म्हणजे खुंट्याला बांधलेली म्हैस. टीव्ही, वायर, स्टॅबिलायझर, सगळे खुशीत असले तरच दूध देणार."

पीयूष आणखीच चिडला. कन्सोल त्याच्या चुलतबहिणीचा, नीलमदीदीचा होता. रविवारी सकाळी ती येऊन तो पुण्याला परत नेणार होती. आज शुक्रवार. एका गडाला दीड तास लागायचा आणि टीव्ही मिळायचा तीन ते पाच. उरला फक्त उद्याचा दिवस.

मोठ्यांना सांगून झालं होतं. "तूच वायर हलवतोस," असं पप्पा म्हणाले. "लोड आहे, भाऊ," म्हणत लाईनमन मोटरसायकलवरून निघून गेला. ऐकून कुणी घेतच नव्हतं.

"चार्जर घे," हर्षाली अचानक उठली. "तुझी म्हैस जागची हलत नाही. माझी डबी हलते. कुठल्या घरात लाईट कमी येते ते तिच्यावर कळेल."

तिने पीयूषच्या घरात डबी चार्जिंगला लावली. चार्जिंगची खूण नुसती लुकलुकत होती. शेजारच्या दोन घरांतही तेच. ओढा ओलांडून हर्षालीच्या घरी लावली, तर खूण एकदम ठणठणीत.

"आमची डीपी वेगळी, तुमची वेगळी," ती म्हणाली. डीपी म्हणजे जिथून तारा घराघरांत जातात ते खांबावरचं रोहित्र. "तुमच्या डीपीवर कुणीतरी मोटर चालवतंय. पण या आठवड्यात शेतीच्या मोटरला लाईट फक्त रात्री मिळते. घरांची लाईट ओढून दिवसा मोटर चालवली, तर टीव्ही मरणारच."

दोघं ओढ्याकाठाने निघाले. चार मळे कोरडे होते. पाचव्यात, हौशीरामकाकांच्या टोमॅटोच्या सरीत, ठिबकच्या नळ्यांतून टपटप पाणी पडत होतं. काका बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"काका, मोटर चालू आहे का?" पीयूषने विचारलं.

"न्हाई बा. रातचं पाणी हाये ते, नळीत ऱ्हायलेलं."

पीयूष तोंड उघडणार, तेवढ्यात हर्षालीने त्याला कोपराने ढोसलं. "काका, तुम्ही लई धीट. रात्री एकटे मोटर सुरू करायला येता? परवा इथेच बिबट्या दिसला म्हणे."

"मी? रातचा?" काका ताडकन उठले. "येडी का काय, पोरी? सातच्या पुढं मी उंबरा वलांडत न्हाई."

"मग रात्री पाणी सोडलं कुणी? बिबट्याने?"

काकांच्या हातातली तंबाखू सांडली. ते पुन्हा बांधावर टेकले. मग म्हणाले, "घरांच्या लाईटीवर कंडेन्सर लावून चालवतो मोटर, रोज चारचा चहा झाला की. करू काय? रात्री यायचं तर जीव मुठीत, नाय आलं तर टोमॅटो जळत्यात."

पीयूषचा राग अर्धा तिथेच उतरला. उरलेला अर्धा त्याने पप्पांसमोर काढला. पप्पा, म्हणजे धरमचंद, दुकानातून उठून थेट मळ्यात आले. "लाईनमनला सापडलं नाही ते या दोघांनी शोधलं," ते म्हणाले. "आणि मी पोरालाच बोललो. हौशीरामभाऊ, दिवसाच्या लाईटसाठी अर्ज करू. दोघं मिळून जाऊ."

"जाऊ की. पोरं लई हुशार हायेत, राव. उद्या मोटर बंद."

शनिवारी तीनला पीयूष टीव्हीपुढे बसला. हौशीरामकाकाही बघायला आले. चार दहा झाले, स्टॅबिलायझर गप्प. साडेचारला पीयूषचा स्वार शेवटच्या दरवाजाशी पोचला आणि पाय घसरून खंदकात पडला.

"लाईट तर व्हती," काका हळूच म्हणाले.

पीयूषला रडूच आलं. आता दोष द्यायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि पाचला अर्धाच तास राहिला होता.

रविवारी नीलमदीदीने कन्सोल पिशवीत भरला आणि ती गेली. पीयूष पायरीवर तोंड पाडून बसला. हर्षाली शेजारी येऊन बसली.

"माझाही बारावा राहिलाय. दरवाजापर्यंत आणलाय. पुढचं तू कर."

त्याने डबी हातात घेतली. डोळे बारीक करून, अडखळत, चरफडत तो खेळला. आणि बुरुजावर तांदळाच्या दाण्याएवढा झेंडा उभा राहिला.

"लागला! हर्षाली, झेंडा लागला!"

"कुठे? डबीवर दिसतो होय?"

पीयूषने पडदा शर्टाने स्वच्छ पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"दिसतो," तो म्हणाला.