पिवळीचा आवाज

पिवळीला दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता. बाबांचे गुडघे गेले, ते गावात राहायला गेले, आणि त्यांची ही स्नोमोबाइल शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. मी काही हळवी बाई नाही. नवी, शांत इंजिनाची गाडी घेतली आणि हिला विसरून गेले.

पण आमच्या रेनडिअरांना नवीचा आवाज परका. एप्रिल सरत आला होता, तळ्यावरचा बर्फ करडा पडायला लागला होता, आणि गाभण माद्यांचा सगळा कळप पलीकडच्या काठावर अडकला होता. तिथला बर्फ दगडासारखा घट्ट झालेला, खुरांनी उकरून खालचं शेवाळ मिळेना. मी नवी गाडी घेऊन गेले की माद्या पांगायच्या. तळ्यावरचा बर्फ फुटला असता तर तिकडेच पोटातल्या पिल्लांसकट उपाशी मेल्या असत्या.

"लहानपणापासून पिवळीमागे धावून चारा खाल्लाय त्यांनी," बाबांचे भाऊ हेइका काका म्हणाले. "तुझ्या त्या मुक्या गाडीला कोण विचारतंय?"

सकाळीच शेड उघडली. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत होता, ते सगळं उपसून टाकलं. दोन्ही कार्बोरेटर खोलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतले. तळाच्या वाट्यांत हिरवट चिकटा साचला होता. जेटची बारीक भोकं मी तारेने मोकळी केली, उजेडाला धरून पाहिली. मग नवे प्लग, सिलिंडरमध्ये थोडं तेल, ताजं पेट्रोल. काका कॉफीत चीजचे तुकडे बुडवत बसले होते.

"एवढ्या वेळात एखादं लग्न लागलं असतं."

"मग तुम्हीच करा ना."

"माझा खांदा बघ आणि बोल."

चोक ओढला. दोरी ओढून ओढून तळहात सोलून निघाला. मग पिवळी एकदा शिंकली, निळा धूर ओकली आणि धडधडायला लागली. मी अंगणात नाचले, खोटं कशाला बोलू.

तळ्यापलीकडे माना वर झाल्या. सर्वांत पुढची म्हातारी मादी बर्फावर उतरली, तिच्यामागून बाकीच्या. काका कुंपणाचं फाटक धरून उभे राहिले. तेवढ्यात पलीकडूनही पिवळीचा आवाज यायला लागला. तळ्यावर पडसाद उठतोच, मी लक्ष दिलं नाही.

अर्ध्या वाटेवर कळप थांबला. कान एकदा इकडे वळत, एकदा तिकडे.

"जरा बंद कर," काका म्हणाले. "ऐकू दे मला."

मी बंद केली.

तिकडची चालूच राहिली.

तोच आवाज, तसाच मध्येच अडखळणारा. पलीकडे घर नाही की रस्ता नाही. स्वच्छ उन्हात सगळा काठ दिसत होता, आणि काठावर काहीच नव्हतं.

म्हातारी मादी मागे वळली.

"काका, कोण आहे तिकडे?"

"दोरी ओढ, पोरी."

ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिनात पेट्रोल जास्त चढलं होतं, प्लग भिजले होते. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त चीड आली. माझ्या माद्या होत्या त्या, माझी येणारी पिल्लं. आयत्या कुणाच्या घशात घालायच्या नव्हत्या. रेस पूर्ण दाबून धरली, चोक बंद केला, आणि सगळं अंग टाकून ओढली.

लागली.

बाबा चारा टाकताना दोनदा आखूड रेस द्यायचे, मग एकदा लांब. मी तशी दिली. तिकडची आपली एका सुरात धडधडत राहिली. तिला ते येत नव्हतं.

म्हातारी थबकली, फिरली आणि पळत सुटली. मागून अख्खा कळप घंटा वाजवत, पाणी उडवत फाटकातून आत घुसला. एकही मागे राहिली नाही. काकांनी अडसर टाकला आणि मला घट्ट मिठी मारली. मी हसत होते आणि रडतही होते.

"तुझ्या बापालाही हे जमलं नसतं," ते म्हणाले.

मी पिवळी बंद केली. तिकडचा आवाजही कधीतरी थांबला होता. माद्या शांतपणे चारा खायला लागल्या, आम्ही कुंपणाला टेकून बसलो.

तेव्हा पलीकडून दोरी ओढल्याचा आवाज आला.

थोडं थांबून पुन्हा. मग पुन्हा.

काका ऐकत राहिले. आयुष्यभराच्या सवयीने तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "चोक बंद कर, मेल्या. पेट्रोल चढलंय."

पलीकडची दोरी थांबली.

मग दोरीला एकच झटका बसला, तिकडची धडधडायला लागली, आणि चारा खाणाऱ्या सगळ्या माना वर झाल्या.